टाकीलाही तहान लागते: जलकुंभ बांधण्यापासून पाडण्यापर्यंत

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलणं आहे तसंच ठेवलंय.

परवा गावी, धाराशिव जिल्ह्यात, गेलो होतो. शाळेशेजारच्या जुन्या जलकुंभाखाली सावलीला पोरं डबा खात बसली होती. वर बघितलं तर सिमेंटचे पोपडे पडून गज उघडे दिसत होते. आजचा विषय तिथंच सुचला.

आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल चारशे वर्षं पाणी झेलतोय. मग गावातली टाकी एवढ्या लवकर का थकते? मोठं कारण म्हणजे लोखंड. दगडी बंधाऱ्यात गंजायला गज नसतात, आरसीसीत असतात. बारीक भेगांतून ओल आणि हवा आत गेली की गज गंजतो, गंजून फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

म्हणून टाकीचं आयुष्य बांधतानाच ठरतं. आयएस 3370 या मानकानुसार पाण्याच्या टाकीला किमान एम-30 काँक्रीट लागतं आणि पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 च्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे 50 किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त साडेबावीस लिटर पाणी, वाळूतली ओल धरून. ‘माल जरा पातळ कर’ म्हणत एक बादली जास्त ओतली, की तेवढी छिद्रं काँक्रीटमध्ये कायमची राहतात.

पण मिक्समध्ये पाणी कमी लागतं, तसं नंतर भरपूर लागतं. क्युरिंग किमान 7 दिवस, कोरड्या गरम हवेत 10 दिवस. आपल्याकडची गोची इथंच आहे. उन्हाळ्यात प्यायला टँकर, तर भिंतीवर पाणी कोण मारणार? ओलं बारदान गुंडाळलं तर कमी पाण्यात भागतं. पण क्युरिंगच टाळलं तर टाकी जन्मतःच कच्ची.

ताब्यात घेण्याआधी टेस्ट मागा. टाकी पूर्ण भरायची, 7 दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यायचं, पुढचे 7 दिवस बघायचं. उंच टाकी बाहेरून कोरडी राहिली तर पास. रंग देण्याआधीच बघा, रंगाखाली ओल लपते.

आता देखभाल. वर्षातून निदान दोनदा गाळ काढून धुणं. आत एकट्यानं उतरायचं नाही, आधी झाकण उघडून हवा खेळू द्यायची. रोजचं प्रमाण साधारण 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला पाव किलो. धुताना टाकीच्या छताची खालची बाजू टॉर्च मारून बघा. पाण्याची वाफ आणि क्लोरीन तिथं साचतं, त्यामुळे गज बऱ्याचदा तिथं आधी गंजतात. खालून कुणाला दिसतही नाही.

आणि शेवट. 50,000 लिटर म्हणजे 50 टन, तेही खांबांवर. पोपडे पडले, खांबांना उभ्या भेगा गेल्या, तर नुसतं प्लास्टर मारून उपयोग नाही. स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. ऑडिटमध्ये टाकी धोकादायक ठरली, तर ग्रामसभेत ठराव करून जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे पाठपुरावा करायचा. जुना सर्व्हर बंद करण्याआधी नवा चालू करतात, तसंच इथं. आधी पर्यायी पुरवठा, मग जुनी पाइपलाइन तोडणं, टाकी रिकामी करणं, शिडी काढणं, कुंपण घालणं, आणि मगच जाणकारांच्या देखरेखीखाली पाडकाम. खालून खांब फोडायला माणसं लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

बऱ्याच गावांत नवी टाकी झाली की जुनी तशीच उभी राहते. तिचं पाणी बंद होतं, तिची सावली नाही. तुमच्या गावात अशी टाकी असेल तर आज फोटो काढा, पुढच्या ग्रामसभेत दाखवा. आणि पाडायची तारीख ठरेपर्यंत पोरांची डबा खायची जागा तरी उद्याच बदला.

भेटू पुढच्या एपिसोडला!