जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट आणि ऑइल सील : एकाच वेळी का बदलायचे?

एमएच-११, एमएच-५० किंवा एमएच-१० पासिंगच्या जुन्या मारुती ८००, सँट्रो, इंडिका सातारा, कराड आणि सांगलीच्या रस्त्यांवर अजून रोज दिसतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. तो खर्च करून गाडी ठेवायची ठरवली की बॉडी, टायर, पीयूसी हे सगळे बघितले जाते. कव्हरच्या आड असलेला रबरी पट्टा मात्र कुणी बघत नाही, कारण तुटण्याआधी तो बहुतेक वेळा आवाजही करत नाही.

या भागाला इंजिन नवीन नाही. साताऱ्यात कूपरची आणि किर्लोस्करवाडीत किर्लोस्करांची परंपरा आहे. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाची नोझल साफ करणारे शेतकरी इथे गावोगाव सापडतील. पण त्या इंजिनांत कॅम फिरवायला बहुधा गिअर असतो, तुटणारा पट्टा नसतो. ‘एवढी वर्षे चाललेय, अजून चालेल’ हा तिथला हिशेब त्यामुळेच कारला लागू होत नाही.

पट्टा काय करतो ते आधी पाहू. पिस्टन क्रँकला जोडलेले असतात. व्हॉल्व उघडण्या-मिटण्याचे काम कॅम करतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा व्हायला हवा, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात. या दोघांना जुळवून ठेवतो तो टायमिंग बेल्ट. पट्टा रबराचा असतो, आत काचतंतूंच्या दोऱ्या आणि दातांवर कापडाचा थर. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, पण वेगात असलेला क्रँक लगेच थांबत नाही. ज्या इंजिनात उघडा व्हॉल्व आणि वर आलेला पिस्टन यांच्यात जागा उरत नाही, तिथे पिस्टन थेट व्हॉल्ववर आदळतो. व्हॉल्व वाकतात, हेड उतरवावे लागते, कधी पिस्टनही जातो. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, म्हणून जागा जवळजवळ नसतेच. इंडिका डिझेलचा बेल्ट तुटला तर नुकसान ठरलेलेच समजा. काही पेट्रोल इंजिनांत मात्र ती जागा असते. तिथे इंजिन फक्त बंद पडते आणि नवा बेल्ट घातला की पुन्हा चालू होते. तुमचे इंजिन कुठल्या प्रकारचे आहे हे मिस्त्रीला आधीच विचारून ठेवा.

सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो, हेही सांगायला हवे. मारुती ८००, पहिली अल्टो, १९९८ मध्ये आलेल्या सँट्रो आणि इंडिका यांना बेल्ट आहे. अल्टो के-१० आणि स्विफ्ट डिझेल यांना साखळी आहे. जुन्या पद्मिनी आणि अँबॅसॅडरलाही साखळीच होती.

आता सीलकडे येऊ. क्रँक आणि कॅमचे टोक इंजिनातून बाहेर येते तिथे ऑइल अडवायला गोल सील असते. धातूची कडी, त्यावर रबराची ओठासारखी धार आणि ती धार शाफ्टवर दाबून ठेवणारी बारीक स्प्रिंग. उष्णतेने रबर कडक होते, धार झिजते आणि ऑइल पाझरू लागते. ते पडते नेमके बेल्टवर. ऑइल प्यायलेले रबर फुगते, दाते सुटू लागतात. म्हणजे किरकोळ किमतीचे सील जुने ठेवले तर नवा बेल्टही वेळेआधी जातो.

खर्चाचे गणितही तेच सांगते. सील स्वस्त असते, महाग असते ती मजुरी. बेल्ट काढायला बाजूचे पट्टे, क्रँकची पुली, कव्हर आणि बऱ्याच गाड्यांत एका बाजूचे इंजिन माउंटिंग सोडावे लागते. एवढे उघडल्यावर समोरचे क्रँक सील आणि कॅम सील हाताशीच येतात. टेन्शनरची बेअरिंगही त्याच वेळी बदला. ज्या गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो तिथे पंपही. क्रँकचे मागचे सील मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे ते क्लच प्लेटच्या कामाबरोबर करायचे.

काही गाड्यांत नवे सील घातल्यावर महिनाभरात पुन्हा गळती सुरू होते आणि दोष पार्टला दिला जातो. अशा वेळी आधी इंजिनाचा ब्रीदर बघावा. पिस्टनच्या कडेने खाली उतरलेला वायू बाहेर पडायची ती वाट. पीसीव्ही व्हॉल्व किंवा तिची नळी काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकलले जाते. दुसरे कारण म्हणजे जुन्या सीलने शाफ्टवर पाडलेली बारीक चर. हुशार फिटर, गाडीच्या रचनेत चालत असेल तर, नवे सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवतो, म्हणजे धार कोऱ्या जागेवर टेकते. जुने सील स्क्रूड्रायव्हरने उचकटताना शाफ्टला ओरखडा गेला तर मात्र कितीही चांगले सील घाला, ते गळणारच. साध्या रबरी सीलच्या धारेला बसवताना ऑइल लावतात. टेफ्लॉनची धार असेल तर बहुधा कोरडेच बसवायचे असते, त्यामुळे पाकिटावरची सूचना वाचायला लावा.

बेल्ट बसवल्यावर खुणा जुळल्या की नाही हे किल्लीने नव्हे, हाताने तपासतात. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवायचे आणि खुणा पुन्हा जागेवर आल्या का ते पाहायचे. मध्येच अडले तर जोर लावायचा नाही. दोन मिनिटांचे हे काम तुमच्यासमोर करून घ्या.

केव्हा बदलायचा? गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षे असे दोन आकडे दिले असतील तर जो आधी येईल तो धरायचा. इथे एक गंमत होते. मुले पुण्या-मुंबईला, आई-वडील गावी आणि गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते. किलोमीटरचा आकडा कधीच भरत नाही, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. अशा गाडीला वर्षांचाच हिशेब लावावा. जुनी गाडी विकत घेतली आणि बेल्टचे बिल मिळाले नाही, तर तो बदललेलाच नाही असे धरून चाला.

सांगलीकरांसाठी एक जादा गोष्ट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्याआधी २००५ आणि नंतर २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बेल्ट कव्हरमध्ये गाळ शिरतो, टेन्शनरच्या बेअरिंगमधले ग्रीस धुतले जाते आणि सीलच्या धारेवर बारीक रेती बसते. ती रेती शाफ्ट घासत राहते. असे इंजिन ऑइल बदलून लगेच चालू केलेले असते, कव्हर मात्र क्वचितच उघडलेले असते. सांगली-कोल्हापूर भागातली वापरलेली गाडी घेताना कव्हर काढून आत वाळलेला गाळ आहे का, हे जरूर बघा.

आणि बेल्ट रस्त्यातच तुटला तर? पसरणी घाट उतरताना तुटला तर कॅम थांबतो आणि इंजिन बंद पडते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पुरेल एवढाच व्हॅक्यूम उरतो, पॉवर स्टिअरिंग जड होते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न सोडता एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. त्यानंतर स्टार्टर मारला की इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भराभर फिरल्यासारखे वाटते, कारण कॉम्प्रेशन नसते. हा आवाज आला की स्टार्टर सोडा. मदतीला धावलेली चार माणसे ‘गिअरमध्ये टाका, धक्का मारतो’ म्हणतील, त्यांना थांबवा. धक्क्याने क्रँक फिरतो आणि वाचलेले व्हॉल्वही वाकतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून टो करून गॅरेजला न्या. काम झाल्यावर बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर मार्करने कव्हरवरच लिहून घ्या.