टॅब, टीव्ही आणि चौथीतला भागाकार

रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या डोंगरी वाड्यांवरच्या शाळांत हल्ली स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब पोहोचू लागले आहेत. कुठे कारखान्याच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीतून, कुठे ग्रामपंचायतीच्या पैशातून, कुठे गावच्या मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून. नारळ फुटतो, फोटो निघतात, गाव खूश होतं. पण चौथीतल्या मुलाला तीन अंकी संख्येचा भागाकार येऊ लागला का, हा प्रश्न त्या समारंभात कोणी विचारत नाही. या प्रश्नावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतात आणि बाहेर नीट मोजमाप झालेलं आहे. त्यातून निघालेली उत्तरं तंत्रज्ञानाच्या भक्तांना आवडणारी नाहीत आणि विरोधकांनाही नाहीत.

“यंत्र आलं की निकाल सुधारतो”

पेरू देशाने ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले. तीनशेहून अधिक शाळांची तुलना करून पंधरा महिन्यांनी चाचणी घेतली, तेव्हा गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती लॅपटॉप न मिळालेल्या मुलांइतकीच निघाली. गुजरातेत ज्ञानशाळा या संस्थेच्या वर्गांतला प्रयोग तर जास्त बोलका आहे. तिथे एकच संगणक कार्यक्रम दोन प्रकारे वापरला गेला. शाळा सुटल्यावर जादा सराव म्हणून वापरला, तेव्हा मुलांचं गणित सुधारलं. शाळेच्या वेळेत शिकवण्याऐवजी वापरला, तेव्हा मुलं मागे पडली. सॉफ्टवेअर तेच होतं. तासाला बाईंचं शिकवणं बंद करून ते चालवलं, एवढाच फरक होता.

“मग हे सगळं थोतांडच”

हेही खरं नाही, आणि इथे जरा थांबून पाहायला हवं.

वडोदऱ्याच्या महानगरपालिका शाळांत 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या कामाचा अभ्यास केला. चौथीची मुलं आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, गणिताचे खेळ खेळत. मूल उत्तर देई तसं पुढचं उदाहरण सोपं किंवा अवघड होई. गणितात ठळक वाढ झाली. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने त्या वाढीतला बराचसा भाग विरला. म्हणजे एक वर्ष टॅब देऊन पुढच्या वर्षी कपाटात ठेवायचे असतील, तर फार आशा ठेवू नये.

दुसरा अभ्यास दिल्लीचा, कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि आलेहांद्रो गानिमियन यांचा, 2019 साली प्रसिद्ध झालेला. सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या मुलांमधून सोडत काढून काहींना शाळेबाहेरच्या, संगणकावर सराव देणाऱ्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रांत मोफत प्रवेश दिला. सुमारे साडेचार महिन्यांनी त्यांच्या गणितात जी वाढ दिसली ती सोप्या भाषेत अशी: शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर असलेलं, म्हणजे ज्याच्या पुढे पन्नास मुलं आहेत असं मूल सरकून पुढे गेलं आणि त्याच्या पुढे साधारण छत्तीसच उरली. हिंदीतही वाढ झाली, थोडी कमी.

हे का घडलं, ते महत्त्वाचं. त्या मुलांत सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. वर्गात शिक्षक सहावीचा धडा शिकवत होते आणि मुलाला चौथीचाही येत नव्हता. जी मुलं केंद्रात गेली नाहीत, त्यांतली सगळ्यांत मागची एकतृतीयांश मुलं शाळेत जाऊनही जवळपास जागच्या जागीच राहिली. संगणकाने प्रत्येकाची पातळी ओळखून तिथूनच उदाहरणं दिली. आणि एक गोष्ट जाहिरातींत सांगितली जात नाही: केंद्रातल्या दीड तासाच्या वर्गातली फक्त 45 मिनिटं संगणकाची होती. उरलेली 45 मिनिटं बारा-पंधरा मुलांच्या गटाला एक शिकवणारा माणूस समोर बसून शिकवत होता.

“मुलं रमली, म्हणजे शिकली”

पडद्यावर रंगीत हृदय धडधडतं, पाण्याचं चक्र फिरतं, आणि वर्ग चिडीचूप होतो. पालकांना बरं वाटतं, अधिकाऱ्यांनाही. पण शांत बसून बघणं आणि शिकणं या निराळ्या गोष्टी आहेत. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या 2019च्या अभ्यासात, ओघवतं व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. प्रत्यक्ष चाचणीत मात्र गटात बसून स्वतः प्रश्न सोडवणारे पुढे होते, जरी त्यांना तो तास जड गेला होता. मोठ्या मुलांची ही फसगत होते, तर सात वर्षांच्या मुलाची का होणार नाही?

म्हणून टीव्हीवर व्हिडिओ लावणं म्हणजे डिजिटल शिक्षण, ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते. फायदा होतो तो मुलाने उत्तर दिलं, ते चुकलं, कुठे चुकलं ते लगेच कळलं आणि त्याने पुन्हा प्रयत्न केला तर. व्हिडिओ तीन मिनिटांनी थांबवून बाईंनी प्रत्येकाला पाटीवर उत्तर लिहायला लावलं, तरी त्या टीव्हीचा उपयोग दुप्पट होईल असं माझं मत आहे.

“शिक्षक कमी असले तरी टॅबवर भागेल”

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पोलादपूरच्या डोंगरात घरची माणसं मुंबई-सुरतेला गेलेली, पट लहान. मग चार-पाच इयत्तांना दोन शिक्षक. गुरुजी तिसरीला शिकवतात तेव्हा पहिली-दुसरी ‘लिहीत बसा’ म्हणून बसलेली असते. अशा शाळेत टॅबचा खरा उपयोग आहे, मोठ्या शहरी वर्गापेक्षाही जास्त, कारण रिकामी बसणारी मुलं त्या वेळात आपापल्या पातळीचा सराव करू शकतात. पण तो गुरुजींच्या हाताखाली व्हायला हवा. पाकिस्तानच्या पंजाबात शाळांत झालेले दोन प्रयोग याची साक्ष देतात. शिक्षकांना प्रशिक्षण आणि वर्गात दाखवायला छोटे पाठ दिले, तिथे चार महिन्यांत गणित-विज्ञानाचे गुण वाढले. शिक्षकाला वळसा घालून तसाच मजकूर मुलांच्या टॅबवर दिला, तिथे गुण उलट घटले.

महाराष्ट्रातल्या गाजलेल्या शाळांकडे याच नजरेने पाहावं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला तेव्हा त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची चर्चा फार झाली. पण तो कोड एका शिक्षकाने आपल्या वर्गातली मुलं ओळखून, त्यांना कळेल असा मजकूर जोडून वापरला होता. महाड-पोलादपूरच्या आदिवासी वाड्यांवर कातकरी मुलांची घरची बोली वेगळी असते. तिथे पुण्या-मुंबईत बनवलेला तयार व्हिडिओ पहिलीच्या मुलाला कितपत कळेल, हे त्या शाळेतल्या बाईंनाच ठाऊक.

“रेंज नाही, म्हणजे काहीच नाही”

घाटाच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंज जाते, पावसाळ्यात वीज जाते. 22 जुलै 2021च्या महाडच्या महापुरात आणि तळीये गावावर दरड कोसळली त्या वेळी वीज आणि फोन दोन्ही तुटले होते. अडचण खरी आहे. पण बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचा दीक्षा ॲपवरचा मजकूर रेंज असेल तिथे उतरवून ठेवता येतो आणि नंतर इंटरनेटशिवाय चालतो. त्याहून साधा पुरावा बोट्सवाना देशातला, करोनाकाळातला. आठवड्याला एसएमएसवर काही उदाहरणं आणि पंधरा-वीस मिनिटांचा एक फोन, तोही साध्या बटणाच्या मोबाइलवर, एवढ्यावर मुलांचं गणित सुधारलं. नुसत्या एसएमएसने फारसं काही झालं नाही, फोनवरच्या माणसामुळे झालं. स्मार्टफोन वडिलांबरोबर मुंबईत आणि घरात आजीचा साधा फोन, ही ज्या घरांची परिस्थिती आहे त्यांना हे उपयोगाचं आहे.

उलट, घरात स्मार्टफोन आहे म्हणून अभ्यास होतोच असंही नाही. मुलांना किती वाचता-मोजता येतं ते तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी.

“शिकली की नाही, हे कळणार कसं?”

यासाठी महागडं काही लागत नाही. ‘असर’ची मराठी चाचणी एका पानाची आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात संख्या ओळखणं, वजाबाकी, भागाकार. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. शाळा व्यवस्थापन समितीने ती टीव्ही बसण्याआधी जूनमध्ये, मग दिवाळीच्या सुट्टीआधी आणि पुन्हा मार्चमध्ये घ्यावी, आणि शेजारच्या टीव्ही नसलेल्या शाळेतही घ्यावी. सीएसआरचा निधी देणाऱ्या कंपनीला हे आकडे द्यावेत, आणि वर्गणी काढणाऱ्या मुंबईकर मंडळालाही. पुढच्या वर्षी पैसे आणखी एका पडद्यावर घालायचे, इन्व्हर्टर आणि वीजबिलावर, की वाडीतल्या बारावी झालेल्या मुलीला मानधन देऊन संध्याकाळी मागे पडलेल्या मुलांचा वर्ग घ्यायला, हे त्या आकड्यांवरून ठरवता येईल.