खळ्यावरचा ओलावामापक

धान्यातील ओलावा मोजणारे हातात मावणारे यंत्र विजेच्या एका साध्या गुणधर्मावर चालते. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ८० आहे, तर कोरड्या दाण्याचा त्याच्या कितीतरी खाली, एक अंकी असतो. धातूच्या दोन पृष्ठांमधल्या पोकळीत दाणे भरले, की त्यांतल्या पाण्याच्या प्रमाणात तिची विद्युतधारिता वाढते. ही वाढ मोजणारे सर्किट आता स्वस्तात बनते. अवघड आहे ते त्या वाढीवरून ओलाव्याचा खरा टक्का काढणे.

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४च्या खरीप हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. १५ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणले, तर वजन सुमारे ९६.६ किलो भरते. ही घट सोसता येते. माल खरेदी केंद्रावरून परत आला, तर मात्र गाडीभाडे दुप्पट पडते आणि बहुधा पडेल त्या भावात तो व्यापाऱ्याला घालावा लागतो. दाणा दाताखाली फोडून जाणता शेतकरी ओला-सुका माल ओळखतो, पण १२ आणि १४ टक्क्यांतला फरक दाताला कळत नाही. म्हणून आकडा माल गाडीत चढण्याआधी, खळ्यावरच कळायला हवा.

हा आकडा काढण्यातली पहिली अडचण भरणीची. तेच दाणे सैल ओतले तर वाचन कमी येते, दाबून भरले तर जास्त. यावर दोन उपाय आहेत: नमुना दर वेळी ठरावीक उंचीवरून, नरसाळ्यातूनच पडेल अशी रचना करणे, किंवा यंत्रात वजनकाटा बसवून घनतेची दुरुस्ती करणे. दुसऱ्या उपायाने किंमत वाढते; पण घाईत, वाऱ्यात, उभ्या-उभ्या मोजणाऱ्या माणसासाठी तोच भरवशाचा.

दुसरी अडचण तापमानाची. दाणा तापला की ओलावा तोच असूनही वाचन चढते. ऑक्टोबरच्या उन्हात ताडपत्रीवर पसरलेले सोयाबीन आणि पहाटेचे गार पोते यांतला फरक वाचनात एक-दोन टक्के सहज घालू शकतो. त्यामुळे तापमानाचा संवेदक यंत्राच्या कवचात न ठेवता दाण्यांना टेकेल असा बसवावा लागतो.

तिसरे काम सर्वांत कष्टाचे, ते अंशांकनाचे. वाचनावरून ओलावा सांगणारा आलेख प्रत्येक धान्याचा वेगळा असतो. गव्हाचा आलेख तुरीला चालत नाही. प्रयोगशाळेत नमुना ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला वाळवून वजनातली घट मोजतात आणि यंत्राचे वाचन तिच्याशी जुळवतात. महाराष्ट्रासाठीच्या यंत्राला जेएस ३३५, फुले संगम, एमएयूएस ७१ अशा सोयाबीनच्या वाणांचे, वेगवेगळ्या ओलाव्याचे आणि एकाहून अधिक हंगामांतले नमुने लागतात. परदेशी आलेख जसाच्या तसा भरून विकलेले यंत्र चकचकीत दिसले, तरी त्याच्या आकड्यावर विसंबून माल न्यावा असे ते नसते.

एवढे करूनही चुकीचा नमुना यंत्राला फसवतो. दवाने भिजलेला दाणा बाहेरून ओला असतो, तर नुकताच उन्हात वाळवलेला बाहेरून कोरडा आणि आत ओलसर. अशा मालाला ओलावा दाण्यात सारखा पसरेपर्यंत काही तास द्यावे लागतात. नमुनाही पोत्याच्या तोंडाशी न घेता वर, मध्ये आणि तळाशी, अनेक पोत्यांतून काढून एकत्र करावा लागतो. या सूचना पडद्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत दिसल्या पाहिजेत. पुस्तिका पहिल्याच पावसात हरवते.

जवळच्या अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रे ओलाव्याबरोबर प्रथिने आणि तेलही सांगतात, पण त्यांची किंमत बरीच जास्त असते आणि अंशांकनही अधिक किचकट. छोट्या शेतकऱ्यासाठी विद्युतधारितेचे यंत्रच परवडते, आणि शेतकरी उत्पादक कंपनीने चार-पाच गावांत मिळून एक ठेवले तरी काम भागते. त्याची पोकळी ब्रशने साफ करता यावी, धूळ आत जाऊ नये, बाजारात मिळणाऱ्या साध्या सेलवर ते चालावे. दर हंगामाआधी ओव्हनमध्ये तपासलेल्या नमुन्याशी त्याचे वाचन ताडून पाहावे. फरक अर्ध्या टक्क्यापलीकडे गेला, तर पुन्हा अंशांकन करेपर्यंत ते वापरू नये.