संकेत आणि सक्ती : चालू प्रक्रिया थांबविण्यासंबंधी काही विचार

युनिक्स परंपरेतील संगणकांवर ‘किल’ नावाची एक आज्ञा आहे. ही आज्ञा चालू प्रक्रियेचा वध करते, असा समज तिच्या नावावरून सहज होतो. वस्तुतः तिचे कार्य वध करणे हे नसून संकेत पोहोचविणे हे आहे. संकेत कोणता, आणि तो मिळाल्यावर प्रक्रियेने काय करावयाचे, हे प्रश्न निराळे होत. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे कित्येक दिवसांच्या गणनेचे फळ क्षणार्धात नष्ट होण्याचा प्रसंग ओढवतो. यास्तव त्याचा थोडा विचार करणे युक्त होईल.

आज्ञावली ही लिहून ठेवलेली वस्तू. प्रक्रिया हे तिचे चालू रूप. प्रत्येक प्रक्रियेस कर्नल, म्हणजे परिचालन प्रणालीचा गाभा, एक क्रमांक देतो. तो ‘पीएस’ या आज्ञेने कळतो. नाव ठाऊक असल्यास ‘पीग्रेप’ या आज्ञेने शोधता येतो. ‘किल’ या शब्दापुढे हा क्रमांक लिहिला, की संकेत पाठविला जातो. सामान्य वापरकर्त्यास आपल्याच प्रक्रियांना संकेत पाठविता येतो, प्रशासकास सर्वांच्या. संकेताचा निर्देश केला नसेल, तर १५ क्रमांकाचा ‘टर्म’ हा संकेत जातो. टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबल्यास २ क्रमांकाचा ‘इंट’ जातो, तर टर्मिनलचा संबंध तुटल्यास १ क्रमांकाचा ‘हप’.

संकेत मिळालेल्या प्रक्रियेपुढे तीन मार्ग असतात. ती त्याकडे दुर्लक्ष करू शकते. त्यासाठी आधीच योजून ठेवलेला आज्ञांचा भाग चालवू शकते. अथवा, तशी कोणतीच योजना नसल्यास, कर्नलने ठरविलेली मूळ क्रिया घडते. उपरोक्त तिन्ही संकेतांची मूळ क्रिया प्रक्रिया संपविणे हीच आहे. मात्र ९ क्रमांकाचा ‘किल’ आणि ‘स्टॉप’ हे दोन संकेत या नियमास अपवाद आहेत. ते अडविता येत नाहीत, की त्यांची उपेक्षाही करता येत नाही. हा अपवाद नसता, तर एखादी हट्टी अथवा सदोष आज्ञावली यंत्राच्या चालकासही जुमानली नसती.

नववा संकेत अडविता येत नाही, यातच त्याचा दोषही आहे. तो प्रक्रियेस कळविला जातच नाही. कर्नल तिला परस्पर संपवितो. प्रक्रियेने कर्नलच्या स्वाधीन केलेली माहिती यातून वाचते. परंतु तिने स्वतःच्या स्मृतीत साठवून ठेवलेली, अद्याप लिहावयाची माहिती नाहीशी होते. तात्पुरत्या फाइली मागे राहतात, आणि तिने निर्माण केलेल्या उपप्रक्रिया अनाथ होऊन चालू राहू शकतात.

पोस्टग्रेस या माहितीसंग्रह प्रणालीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तिच्या मुख्य प्रक्रियेस ‘टर्म’ मिळाल्यास ती नवे जोड नाकारते आणि चालू असलेले जोड संपण्याची वाट पाहते. ‘इंट’ मिळाल्यास चालू व्यवहार रद्द करून ती व्यवस्थित बंद होते. ३ क्रमांकाच्या ‘क्विट’ने ती तत्काळ थांबते, आणि पुढील प्रारंभी नोंदींच्या आधारे तिला माहितीची पुनर्स्थापना करावी लागते. नववा संकेत मात्र वापरू नये, असेच प्रणालीची अधिकृत माहितीपुस्तिका सांगते.

तथापि दोष केवळ संकेत पाठविणाराकडे जात नाही. ‘टर्म’साठी आज्ञावलीत कोणतीच तरतूद नसेल, तर तो सौम्य संकेतही प्रक्रियेस तसाच अकस्मात संपवितो. पायथन भाषेत कंट्रोल-सीमुळे एक अपवाद उद्भवतो, म्हणून शेवटची आवराआवर करणारा भाग चालतो. ‘टर्म’ आल्यास मात्र, वेगळी योजना केली नसल्यास, तो भाग चालत नाही. सामायिक गणनासंचांवर हे विशेष महत्त्वाचे ठरते. तेथे वापरली जाणारी ‘स्लर्म’ ही व्यवस्था कामाची मुदत संपताच प्रथम ‘टर्म’ पाठविते आणि काही अवधीनंतर नववा संकेत. हा अवधी मुळात ३० सेकंदांचा असतो. संशोधकाच्या आज्ञावलीने संकेत येताच एक खूण नोंदवावी, गणनेच्या प्रत्येक फेरीअखेर ती तपासावी आणि आढळल्यास तोवरचे फळ जतन करून थांबावे. एवढी तरतूद असली, म्हणजे हे अर्धे मिनिट बहुधा पुरते.

प्रक्रिया संपविण्याऐवजी तात्पुरती थांबविणेही शक्य असते. कंट्रोल-झेड ही सोय बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सच्या १९८० च्या आवृत्तीत आली. ‘स्टॉप’ने थांबविलेली प्रक्रिया ‘कॉन्ट’ या संकेताने पूर्ववत चालू होते. मध्यंतरी प्रोसेसर इतरांस मोकळा होतो. तिने व्यापलेली स्मृती मात्र तिच्याच नावे राहते. थांबलेल्या प्रक्रियेस पाठविलेला ‘टर्म’ ती पुन्हा चालू होईपर्यंत पडून राहतो, हेही विसरू नये.

क्वचित नववा संकेतही निष्फळ ठरलेला दिसतो. ‘पीएस’च्या यादीत झेड अक्षराने दाखविलेली प्रक्रिया आधीच मृत असते, तिच्या जनक प्रक्रियेने अंत्यवृत्त वाचून घेतलेले नसल्यामुळे केवळ तिची नोंद उरलेली असते. तेथे विचार जनक प्रक्रियेचा करावयास हवा. डी या अक्षराने दाखविलेली प्रक्रिया डिस्क अथवा तत्सम साधनाची वाट पाहत असते. ती प्रतीक्षा संपल्याखेरीज बहुधा तिच्यावर संकेताचा परिणाम होत नाही.

प्रक्रिया कशी संपली, हे शेल नंतर सांगतो. संकेतामुळे अंत झाल्यास तो १२८ मध्ये संकेताचा क्रमांक मिळवून ती संख्या देतो. १४३ म्हणजे ‘टर्म’, १३७ म्हणजे नववा. रात्रभर चालावयाचे काम सकाळी बंद आढळल्यास ही संख्या प्रथम पाहावी.

तात्पर्य, क्रमांक पडताळून प्रथम ‘टर्म’ पाठवावा, प्रक्रियेस आवराआवर करण्यास अवधी द्यावा, आणि ती खरोखरच दाद देत नाही अशी खात्री झाल्यावरच नवव्या संकेताचा अवलंब करावा. प्रक्रियेने कोणते काम अर्धवट धरले आहे, हे बाहेरून कोणासही पुरतेपणी दिसत नाही. ते तिचे तिलाच ठाऊक असते. म्हणून ते पुरे करण्याची संधी तिला देणे, हाच स्वतःच्या श्रमांचे रक्षण करण्याचा मार्ग होय.