एका ठिपक्यात एक गुंठा : उपग्रहचित्रांतली आपत्ती

पूर, भूकंप, दरड किंवा चक्रीवादळ होऊन गेल्यावर उपग्रहचित्रांत दोन गोष्टी शोधल्या जातात: आधी होते ते काय नाहीसे झाले आणि आधी नव्हते ते काय दिसू लागले. डोंगरउतारावर उघडा पडलेला लाल पट्टा, नदीपात्राबाहेर पसरलेले पाणी, छपराच्या जागी मातीचा ढीग. हे काम एका चित्रावर होत नाही, त्याला आधीच्या आणि नंतरच्या चित्रांची जोडी लागते. वृत्तवाहिन्यांवर मात्र बहुतेक वेळा एकच चित्र, त्यावर एक लाल वर्तुळ आणि खाली ‘अवकाशातून दिसलेला विध्वंस’ अशी पट्टी एवढेच झळकते. बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

‘उपग्रह वरून सतत पाहत असतो’

सतत पाहणारे उपग्रह आहेत, पण ते फार दूर आहेत. भारताचे इन्सॅट-३डीआरसारखे हवामान उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, जमिनीवरून पाहता एकाच जागी असतात आणि साधारण अर्ध्या तासाला एक चित्र देतात. त्या चित्राचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, दृश्य प्रकाशात १ किलोमीटरचा असतो. त्यात अरबी समुद्रातल्या वादळाचा डोळा स्पष्ट दिसतो, पण वाहून गेलेला पूल दिसत नाही.

पूल दिसायचा तर उपग्रह ५०० ते ८०० किलोमीटरवर हवा, आणि त्या उंचीवर तो एका जागी थांबू शकत नाही. साधारण दीड तासात तो पृथ्वीला एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत जमिनीचा निराळाच पट्टा त्याच्याखाली येतो. लँडसॅट मालिकेतला एक उपग्रह त्याच गावावर पुन्हा यायला १६ दिवस घेतो, लँडसॅट-८ आणि ९ मिळून ८ दिवस. युरोपच्या सेंटिनेल-२ ची जोडी हेच अंतर ५ दिवसांवर आणते. कार्टोसॅट-३ सारख्या तीक्ष्ण नजरेच्या उपग्रहाला हवे तिथे वळवता येते, पण त्याच्या चित्राची रुंदी जेमतेम १६ किलोमीटर भरते. एका देशाच्या उपग्रहांनी हे भागत नाही, म्हणून आपत्तीच्या वेळी एकमेकांना चित्रे पुरवण्याची आंतरराष्ट्रीय सनद १९९९ मध्ये मांडली गेली. इस्रो २००१ मध्ये तिच्यात सामील झाली.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेला पूर काही तासांत ओसरला. असे पाणी ऐन भरात असताना उपग्रह नेमका डोक्यावर असणे हा निव्वळ योगायोग ठरतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी कित्येक दिवस ठाण मांडून होते. असा पूर उपग्रहाच्या फेरीत हमखास सापडतो, तरी चित्रातली पाण्याची कड ही त्या घटकेची असते, पाणी चढले होते त्या सर्वांत वरच्या रेषेची नसते. गूगल अर्थवरचा नकाशा तर वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडून केलेला असतो. तो महिन्यांपूर्वीचा, कधी वर्षांपूर्वीचाही असू शकतो, आणि कालची दरड त्यात शोधण्यात अर्थ नसतो.

‘पडलेले प्रत्येक घर अवकाशातून मोजता येते’

जमीन मोजण्याचे मराठी माप इथे चपखल बसते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. सेंटिनेल-२ च्या पिक्सेलची बाजू १० मीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. एका गुंठ्यात घर, गोठा, अंगण आणि आंब्याचे झाड असेल, तर या सगळ्यांचा मिळून सरासरी एकच रंग चित्रात उतरतो. लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल सुमारे नऊ गुंठ्यांचा. त्यात पूरग्रस्त शिवार कळते, पडलेली भिंत कळत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा भारताच्या आयआरएस-१बी या उपग्रहाचा सर्वांत बारीक पिक्सेल सुमारे ३६ मीटरचा, म्हणजे तेरा गुंठ्यांचा होता. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी घरे जागच्या जागी बसली. वरून पाहता मातीच्या छपराच्या जागी मातीचा ढीग आला, रंग तोच राहिला. दाटीवाटीने वसलेल्या गावाच्या अशा चित्रात घरागणिक पडझड मोजता येणे शक्यच नव्हते. एक मीटरपर्यंतचा तपशील देणारा पहिला व्यावसायिक उपग्रह, आयकोनॉस, अवकाशात गेला तो सप्टेंबर १९९९ मध्ये.

आज ३० सेंटीमीटरच्या आसपासचा पिक्सेल मिळतो, तरी एक अडचण कायम आहे: उपग्रह छप्पर पाहतो, भिंत नाही. खालचा मजला चिरडून वरचे मजले तसेच खाली बसले, तर गच्ची शाबूत दिसते आणि इमारत ‘सुरक्षित’ गणली जाते. अशा वेळी सावलीची लांबी कामी येते. चार मजल्यांची सावली एकाएकी तीन मजल्यांची झाली, तर संशयाला जागा असते. भिंतींना गेलेले तडे, सरकलेले खांब, धोकादायक झालेले जिने हे कोणत्याही पिक्सेलमध्ये येत नाही. २०१० च्या हैतीतील भूकंपानंतर नुकसानीचा अंदाज घेताना विमानातून टिपलेल्या १५ सेंटीमीटर तपशिलाच्या छायाचित्रांचाही आधार घ्यावा लागला.

‘ढग आले की उपग्रह आंधळा’

कॅमेऱ्याच्या उपग्रहांबाबत हे खरे आहे, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक आपत्ती नेमक्या पावसाळ्यातल्या. रडारचे उपग्रह मात्र स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतात आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपतात. त्यांना ना सूर्यप्रकाश लागतो ना निरभ्र आभाळ. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळली आणि दुसऱ्याच दिवशी भारताच्या रिसॅट या रडार-उपग्रहाने ढगांआडून तो भाग टिपला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने ही चित्रे कार्टोसॅट-३ ने मे २०२३ मध्ये घेतलेल्या चित्राशी ताडून पाहिली. सुमारे १,५५० मीटर उंचीवरून ८६,००० चौरस मीटर, म्हणजे एकवीस एकरांच्या आसपास जमीन सुटली होती आणि राडारोडा सुमारे ८ किलोमीटर वाहत गेला होता. जुन्या चित्रात त्याच जागी आधीच्या एका दरडीचा व्रणही होता.

रडारचित्र म्हणजे ढगांखालचा फोटो असे समजणे ही पुढची चूक. रडार तिरपे पाहते. संथ पाणी आरशासारखे वागते, लहर पलीकडे परावर्तित करते, उपग्रहाकडे काहीच परत येत नाही, म्हणून पाणी काळे दिसते. उभी भिंत आणि तिच्यासमोरची जमीन मिळून लहर थेट परत धाडतात, म्हणून वस्ती पांढरी चमकते. ‘काळे ते पाणी’ हा नियम यातून निघतो, पण तो आंधळेपणाने लावला तर फसगत होते. विमानतळाची धावपट्टीही काळी दिसते. डोंगराच्या पलीकडची बाजू रडारच्या सावलीत जाऊन काळी पडते, आणि सह्याद्रीत अशा बाजू शेकड्यांनी आहेत. जुलैत चिखलणी करून लावणीसाठी पाणी साठवलेली भातखाचरे तर खरोखरच पाण्याखाली असतात, पण तो पूर नव्हे, ती शेती. याच्या उलट झाडांखाली शिरलेले पूरपाणी काळे न दिसता अधिकच उजळ दिसते, कारण लहर पाण्यावरून खोडावर आदळून मागे फिरते. शहरातल्या गल्ल्यांत साचलेले पाणी इमारतींच्या चमकेत हरवते. म्हणून पूरनकाशा करताना पुराआधीचे रडारचित्र समोर ठेवतात आणि जे काळेपण नव्याने आले तेवढेच पाणी म्हणून धरतात.

‘गुंठ्यापेक्षा लहान काही दिसत नसेल, तर जमीन काही सेंटीमीटर खचल्याचे कसे कळणार?’

शंका रास्त आहे. उत्तर असे की खचणे डोळ्यांना दिसत नाही, ते मोजले जाते. सेंटिनेल-१ च्या रडारलहरीची लांबी सुमारे ५.६ सेंटीमीटर असते. उपग्रह पुन्हा जवळपास त्याच कक्षेतून गेला आणि मधल्या काळात जमीन उपग्रहापासून लांब गेली असेल, तर परतणारी लहर किंचित उशिरा येते. सरकलेले अंतर लहर जाताना आणि येताना असे दोनदा कापत असल्याने अर्ध्या तरंगलांबीला, म्हणजे २.८ सेंटीमीटरला, लहरीचे एक पूर्ण आवर्तन सरकते. दोन तारखांच्या लहरींतला हा फरक रंगीत पट्ट्यांच्या रूपात मांडतात. प्रत्येक गुंठ्यातला एकूण बदल अशा रीतीने सेंटीमीटरच्या हिशेबात येतो.

उत्तराखंडमधल्या खचणाऱ्या जोशीमठच्या बाबतीत जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने जाहीर केलेला प्राथमिक आकडा याच पद्धतीचा होता: २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत ५.४ सेंटीमीटर. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मोजमाप उपग्रहाच्या तिरप्या दृष्टिरेषेवरचे असते, त्यामुळे सरळ खाली खचणे आणि उताराकडे सरकणे यांची त्यात सरमिसळ होते. शिवाय दाट झाडीत पानेच हलत असल्याने लहरींचा मेळ बसत नाही आणि मोजमाप तुटते. हा दोषच भूकंपानंतर उपयोगी पडतो. घट्ट उभ्या इमारतींचा मेळ एरवी कायम टिकतो. तो अचानक तुटला, तर तिथे पडझड झाली असावी असे धरून नकाशे करतात. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर असे नकाशे काढले गेले होते.

‘चित्रातला लाल रंग म्हणजे आग किंवा विध्वंस’

बहुतेक वेळा तो हिरवळीचा असतो. पाने अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात. ते डोळ्यांना दिसत नसल्याने चित्रात त्यांना लाल रंग देण्याची जुनी रीत आहे, आणि म्हणून निरोगी जंगल रक्तासारखे लालभडक दिसते. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा ‘उपग्रहफोटो’ म्हणून फिरलेले धगधगते चित्र एका कलाकाराने महिनाभराच्या आगींच्या नोंदी एकत्र करून संगणकावर केलेले होते. दर दिवाळीला व्हॉट्सॲपवर येणारा ‘दिवाळीच्या रात्रीचा भारत’ हाही तसाच नमुना. त्यातले रंग वेगवेगळ्या वर्षांत वाढलेले दिवे दाखवतात, दिवाळीशी त्यांचा संबंध नाही.

‘आधी आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवली की झाले’

मे महिन्यातला सह्याद्री पिवळा-तपकिरी असतो आणि जुलैतला हिरवागार. ही दोन चित्रे शेजारी ठेवली, तर सगळा डोंगरच बदललेला दिसतो. दरड शोधायची असेल तर शक्यतो आदल्या पावसाळ्यानंतरचे चित्र हवे. कोकणात तर जांभ्याच्या चिरेखाणीचा उघडा लाल चौकोन आणि ताज्या दरडीचा पट्टा रंगाने अगदी सारखेच दिसतात. आकारावरून फरक कळतो: खाणीच्या कडा सरळ असतात, दरड वर अरुंद आणि खाली पसरट होत ओढ्याकडे धावते. निळी ताडपत्रीही फसवते. अमेरिकेत वादळानंतर छपरावर ती दिसली की छप्पर उडाले असे समजतात. कोकणात आणि मुंबईच्या वस्त्यांत ती मृगापूर्वीची नित्याची तयारी असते. म्हणूनच संगणकाच्या स्वयंचलित ओळखीची मदार त्याला कुठल्या प्रदेशातल्या चित्रांवर शिकवले आहे यावर असते.

‘कारण लगेच कळते, आणि आधीही कळायला हवे होते’

७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत ऋषिगंगेला लोंढा आला, तेव्हा पहिल्या बातम्यांत हिमनदी फुटल्याचे, हिमसरोवर फुटल्याचे सांगितले गेले. पुढच्या काही दिवसांत आलेल्या चित्रांत फुटलेले सरोवर कुठे नव्हते. रोंटी शिखराच्या उत्तर कड्यावर मात्र एक मोठी खाच पडली होती. नंतरच्या अभ्यासात सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ कोसळल्याचा हिशेब निघाला. त्यात खडक सुमारे ८० टक्के होता. घसरताना झालेल्या घर्षणाने बर्फ वितळला आणि कड्याचा लोंढा झाला.

जुनी चित्रे मागे-मागे चाळली तेव्हा त्याच जागी पाच वर्षांत रुंदावत गेलेली भेगही सापडली. म्हणजे पुरावा होता, पण हिमालयात अशा भेगा असंख्य आहेत, आणि कुठली कधी सुटेल हे चित्र सांगत नाही. जुलै २०२५ मध्ये सोडलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह बारा दिवसांच्या फेरीने बहुतेक जमिनीची हालचाल मोजण्यासाठी आहे. सरकणारे उतार त्यामुळे लवकर लक्षात येऊ शकतात, तरी दरड पडण्याची तारीख त्यातून निघत नाही.

मृतांचा आकडा आणि भरपाईची रक्कमही चित्रातून निघत नाही. पूरनकाशा हाती आला की कोणत्या गावांकडे आधी जायचे, कोणता रस्ता तुटला, होडी कुठे उतरवायची हे कळते. घरात भिजलेले धान्य, दावणीला बुडालेली जनावरे, पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ हे तलाठ्याच्या पंचनाम्यातच येते.