यंत्रांची बोली

उरणच्या करंजा बंदरातील तांडेल होकायंत्रावरून नाळेची दिशा पाहतो. होडी प्रत्यक्षात कोठे सरकली, ते जीपीएस सांगते. दोन्ही ताडली की प्रवाहाची व वाऱ्याची ओढ कळते. हा हिशेब तो मनातल्या मनात करतो. त्याला शाळा लागली नाही! यंत्रांनी आपसांत बोलावे म्हणून १९८३ साली एका अमेरिकन संघटनेने त्यांची सामाईक बोली ठरविली. एक यंत्र बोलते, बाकीची ऐकतात. (आमच्या सभेत हे क्वचितच घडते.)

खरी अडचण बिनतारी संचाची. ज्यावर लाल संकटबटण असते, ते काही सेकंद दाबून धरले की हाक जाते. परंतु जीपीएसची तार जोडलेली नसली, ठिकाण हातानेही भरलेले नसले, तर होडी संकटात आहे हे किनाऱ्याला कळते; कोठे, ते नाही. म्हणून खलाशांनो, निघण्यापूर्वी मालकाला ती तार दाखवायला सांगा.