एक बंदूक, तीन नळ्या

पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही प्रयोगशाळा आहे. इन्सास रायफल तिथलीच. याच संस्थेने २०१४ साली दिल्लीच्या डेफएक्स्पोत एक रायफल मांडली आणि फोटो पाहिला तेव्हापासून मी तिच्या नादी लागलो. अंग एकच, नळी बदलली की तीच ५.५६, ६.८ किंवा ७.६२ मिलिमीटरची. बोईसरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये उमर काढलेल्या माणसाला याहून मोठे आमिष कुठले? माकुणसारला ओट्यावर हा विषय काढला की घरची माणसे उठून आत जातात. म्हणून आता वाचकांना धरतो.

आधी इतिहास उरकून घेऊ. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी आमच्या शेजारचा तारापूरचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, तेव्हा तोड्याच्या बंदुका एकेक करून घडत. बोअर जुळेलच असे नाही, म्हणून गोळी ओतायचा साचाही ज्या त्या बंदुकीचा. पुढे कारखाने आले, सुटे भाग एकसारखे झाले. १९६३ मध्ये अमेरिकेत यूजीन स्टोनरने एकाच अंगावर रायफल, कार्बाइन, मशिनगन उभी केली. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रियाच्या स्टायरने हाताने झटकन निघणारी नळी दिली. झाला इतिहास.

लोकांना वाटते, नळी बदलली की काम संपले. खरी मेख बोल्टच्या तोंडाशी आहे. ५.५६×४५ काडतुसाचे बूड साधारण ९.६ मिलिमीटर, ६.८×४३ चे १०.७, कलाश्निकोव्हच्या ७.६२×३९ चे ११.३. हे बूड धरून काडतूस आत ढकलायचे आणि रिकामी पुंगळी बाहेर ओढायची, तर तोंड त्याच मापाचे हवे. म्हणजे बोल्ट बदला. ७.६२×३९ चे काडतूस निमुळते, एकावर एक रचले की थप्पी केळ्यासारखी वाकते. म्हणजे मॅगझिनही बदला. शिवाय बोल्टचे तोंड आणि चेंबरात काडतूस टेकते ती जागा, यांतले अंतर नेमके लागते. जास्त झाले तर पुंगळी फाटते, कमी पडले तर बोल्टच बंद होत नाही. म्हणून हुशार डिझायनर बोल्टला अंगात न अडकवता थेट नळीच्या मागच्या टोकात अडकवतात. मग नळी आणि बोल्ट यांची जोडी एकदा गेजने तपासली की पुरते, अंग कुठलेही असो. हा उपाय मला समजला त्या रात्री झोप लागली नाही!

आणि नेम? दुर्बीण अंगावर, नळी वेगळी. समजा नळीची बैठक ४० मिलिमीटर लांब आहे आणि तिच्यात २० मायक्रॉनचा तिरकेपणा राहिला. आमच्या टूलरूममध्ये एवढ्याला कुणी हूं की चूं केले नसते. १०० मीटरवर मात्र गोळी ५ सेंटिमीटर सरकते, ३०० वर १५. त्यात प्रत्येक काडतुसाची गोळी वेगळ्या वेगाने निघते, वेगळी खाली झुकते. नळी बदलली की रायफल पुन्हा झिरो करणे, म्हणजे दुर्बीण नव्या नळीशी जुळवून घेणे, आलेच.

लष्करालाही हा मोह पडला होता. २०११ मध्ये ६६,००० रायफलींची निविदा निघाली. एका अंगाला दोन नळ्या: पारंपरिक युद्धासाठी ५.५६, दहशतवाद्यांशी लढताना ७.६२×३९. बेरेटा, कोल्ट, चेकची सीझेड, इस्रायलची आयडब्ल्यूआय अशी बडी मंडळी उतरली. २०१५ मध्ये निविदा रद्द. मला स्वतःला वाईट वाटले, पण निर्णय पटला. जवानाने डोंगरावर जादा नळी आणि बोल्ट वाहायचा कशाला, आणि चढल्यावर झिरो करायला जागा कुठे मिळणार? पाषाणची रायफलही सेवेत गेली नाही.

मग २०१९ मध्ये अमेरिकेहून ७२,४०० सिग ७१६ घेतल्या, ७.६२×५१ च्या. अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ होऊ लागली, ७.६२×३९ ची. इन्सास ५.५६ ची आहेच. तीन काडतुसे अखेर आलीच, फक्त तीन वेगवेगळ्या बंदुकांतून. पाषाणवाल्यांनी जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर ‘उग्रम’ पुढे आणली. ती एकट्या ७.६२×५१ ची.